नाव नसलेलं भांडं

मिनेसोटातल्या आमच्या गावात कुणाकडे मयत झाली, की चर्चमधली माणसं जेवणाची भांडी पोचवतात. भांड्याखाली चिकटपट्टीवर आपलं नाव लिहितात, म्हणजे भांडं परत येतं. माझी मैत्रीण डोरीन लिंडक्विस्ट वीस वर्षं हे करत आलीय. आपली पोरं यातलं काहीच शिकली नाहीत, ही तिची खंत होती; त्यासाठी ती रोज देवाकडे प्रार्थना करायची.

मार्चमध्ये हॅल्व्हर्सनांचा मुलगा चोरीपायी तुरुंगात गेला. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. एके दिवशी मी डोरीनकडे बसले असताना तिनं भाजलेल्या बटाट्यांचं भांडं आपल्या सोळा वर्षांच्या लेकीच्या, ब्रिटाच्या हातात दिलं.

“आई, तिथं कुणी मेलंय का?”

“तोंड कमी चालव आणि पाय उचल.”

दारापाशी ब्रिटा थांबली. तिनं भांड्याखालची पट्टी ओढून काढली.

“अगं, नाव का काढलंस?” डोरीननं विचारलं.

“मी गुपचूप पायरीवर ठेवून येते. नाव दिसलं तर हॅल्व्हर्सनकाकूंना भांडं द्यायला इथं यावं लागेल. मग तुझे प्रश्न सुरू होतील.”

ती गेली. डोरीनचा चेहरा लाल झाला होता. मग तिनं डोळे पुसले.

“देवानं माझं ऐकलं गं,” ती म्हणाली. “पण किती उद्धटपणे!”