भावाची मुलगी मी सून केली नाही

माझ्या धाकट्या भावाचा पहिला घोटा मोडला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि तो कुठून पडलाही नव्हता. वांग्याला पाणी देताना धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, खाली पाय टाकला, एवढंच. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम मीच करते, त्यामुळे त्याचा फोटो मीच काढला. हाडात पोकळ जागा दिसत होत्या. आमच्याकडे अशा पोकळ्या म्हणजे हाडाचा टीबी. डॉक्टर तेच म्हणाले, मलाही तेच वाटलं. वर्षभर त्याने गोळ्या खाल्ल्या. पुढे भाजीचं कॅरेट उचलताना मनगट गेलं, त्याही फोटोत तेच. दुसऱ्या वेळी तरी मी विचारायला हवं होतं की औषध खाऊन टीबी मनगटात कसा आला. विचारलं नाही.

दहा वर्षं तो लंगडत का होईना, आमच्या गावी रोहण्याला शेती करत होता. आष्टीच्या बाजारात त्याची बसायची जागा ठरलेली होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मग एक दिवस त्याने बाजारात सगळी वांगी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या थैल्यांत टाकून दिली आणि हसत बसला. पंधरा दिवसांनी शेजारच्या मयतीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जेवाले केव्हा बसायचं?" आणि पुन्हा हसला.

माझी भावजय तेव्हा माझ्याकडे आली.

"बाई, तुमचा भाऊ पिऊन राह्यला."

"वास येते का?"

"वास नाई येत. पण पेल्याबिगर कोणी असं करते का?"

मी जाऊन पाहिलं. तोंडाला वास नव्हता. मी त्याला विचारलं, "काऊन रे, मयतीत हसलास?" तो म्हणाला, "बाई, तुले भूक लागली का?" चेहऱ्यावर लाज नव्हती. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. तेही लाल नव्हते. मी त्याच आठवड्यात त्याला घेऊन नागपूरला गेले.

तीन डॉक्टर झाले. चौथ्या बाई होत्या, मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी मेंदूचा स्कॅन लावला, आणि मी सोबत नेलेले घोट्याचे आणि मनगटाचे जुने फोटो त्याच्या शेजारी लावले. आधीच्या तिघांनी ते फोटो पाकिटातून काढलेही नव्हते. मग त्यांनी मला विचारलं, "यांच्या आईवडिलांचं लग्नाआधी काही नातं होतं?"

होतं. आमची आई वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पहिला, आणि मामाने ती दुसरीकडे द्यायची तर आधी बहिणीला विचारावं लागतं. घरातली पोरगी घरात राहते, शेताच्या वाटण्या होत नाहीत, सासूचा जाच कमी. यात चुकीचं काही आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

भावाच्या रक्ताचा जनुकांचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. मेंदूत राखण आणि झाडझूड करणाऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या रोगाशी लढणाऱ्या फौजेतल्याच. कुठे पेशी मेली, कुठे घाण साठली, याचा सांगावा त्यांच्यापर्यंत पोचावा लागतो. तो सांगावा घेणारा भाग ज्या जनुकातून तयार होतो त्याला ट्रेम-टू म्हणतात. भावाकडे त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. पेशी जागेवर आहेत, पण त्यांना काही कळतच नाही. घाण साठत जाते, मेंदूचा पुढचा भाग वाळत जातो, आणि माणसाची लाज, धीर, समज तिथेच असते. हाडं झिजवून नवी करणाऱ्या पेशीही याच घराण्यातल्या, म्हणून हाडं आधी गेली. टीबी कधी नव्हताच.

"औषध?" मी विचारलं.

"आज नाही."

"किती दिवस?"

"पन्नाशी गाठणारे कमी."

तो तेव्हा एक्केचाळीसचा होता. शेजारच्या खुर्चीत बसून शर्टाचं बटण पिरगाळत होता.

"मुलं किती यांना?"

"एक मुलगी. बायको नात्याबाहेरची."

"तिच्यात एक बिघडलेली प्रत असणारच. दुसरी आईची, चांगली. तिला हा आजार होणार नाही. फक्त तिचं लग्न नात्यात करू नका."

त्या मुलीच्या बारशाला नाव मी ठेवलं होतं, आत्या म्हणून. त्याच दिवशी तिच्या पायात चांदीचे वाळे घालून मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, ही माझी. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. भावाने पेढे वाटले होते. एकोणीस वर्षं दोन्ही घरं तेच धरून चालली होती, आणि ती दोघंही. माझ्या नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली आहेत, त्यामुळे शब्द पाळायचा की मोडायचा हे माझ्या एकटीवर होतं.

मी आधी माझं आणि मुलाचं रक्त दिलं. रिपोर्ट यायला महिना गेला. दोघांतही एक-एक प्रत बिघडलेली निघाली. आम्हाला आजार नाही. म्हातारपणी विसरभोळेपणाचा धोका थोडा जास्त असू शकतो, पण ते अजून नीट ठरलेलं नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ते मी बाजूला ठेवलं. मुलगा आणि भाची, दोघांत एक-एक, हे बाजूला ठेवता येत नव्हतं.

भाची वर्ध्याला कॉलेजात होती. तिला मी घरी बोलावलं आणि माझ्या स्वयंपाकघरात दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, त्यांचं लग्न झालं तर चारात एका लेकराला भावाचा आजार होऊ शकतो, हेही.

"चारात एक म्हणजे कसं, आत्या?" ती म्हणाली.

"दर लेकराले चारात एक. पहिलं चांगलं झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाई."

मुलगा म्हणाला, "पोटात असतानीच तपासता येते म्हणते."

"येते. अन् निघालं त काय करायचं, ते हिच्या शरीरावर होईन. तुह्या नाई."

भाची ताटातले शेंगदाणे एकेक सोलत होती, खात नव्हती.

"मी सुटीत घरी गेली का बाबाचे कपडे मीच बदलते," ती म्हणाली. "आई थकते. मले असं लेकरू नको. एकही नको."

मुलगा उठून बाहेर गेला. त्याची चप्पल वाजली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही दोघीच उरलो.

"तुह्या आईले आज सांगतो मी," मी म्हणाले.

"आईले नाई सांगायचं."

"काऊन?"

"आईच्या पोटात काही राहते का, आत्या? संध्याकाळपर्यंत अख्ख्या रोहण्यात होईन का पोरीच्या रक्तातच येडेपण आहे. मी ठणठणीत आहो. पण मंग मले कोण करून घेईन?"

ते खरं होतं. बिघडलेली एक प्रत आणि आजार यांतला फरक मला समजायला महिना लागला होता. गावाने तो समजून घ्यावा, ही अपेक्षा मी ठेवणार नव्हते.

"मंग मोडायचं कसं?"

"तुम्ही मोडा. नोकरीवाली पाह्यली म्हणा. लोकाइले खरं वाटते. तुम्ही तशाच दिसता."

मी हसले. ती नाही हसली.

"ज्याच्याशी ठरीन त्याले मी सांगीन," ती म्हणाली. "माझी मी. तुम्ही फक्त वाईट व्हा."

रविवारी मी गेले. भाऊ अंगणात बाजेवर बसून गोधडीचा दोरा ओढत होता. भावजयीने चहा ठेवला. मी चहाला हात लावायच्या आधीच बोलून टाकलं. लांबवून काही सोपं होणार नव्हतं.

भावजय म्हणाली, "नोकरीवाली?"

"हो."

"भाऊ धड होता तव्हा त्याची पोरगी गोड होती. आता तो असा झाला त पोरगी नको झाली."

"पोराचं पाहावं लागते."

"इतके वर्सं त्याच्या हातची भाजी पोचली तुमच्या घरी. दर बाजाराले. बोललो का आम्ही कधी?"

"नाई."

"अन् तुम्ही नाव ठेवलं तिचं."

"ठेवलं."

"मंग या घरचा चहाही नका पिऊ आता, बाई."

तिने माझ्या पुढ्यातला कप उचलला. भावाला त्यात काय दिसलं कोण जाणे, तो टाळ्या वाजवून हसला. आत भाची भांडी घासत होती. ती बाहेर आली नाही. तसं ठरलंच होतं, तरी मी दाराकडे एकदा पाहिलं.

मी निघाले तेव्हा भाऊ माझ्या मागे फाट्यापर्यंत आला. तो कोणाच्याही मागे जायचा. माझ्या पदराचं टोक त्याच्या मुठीत होतं. भावजयीने मागून हाक मारली, पण त्याला ते ऐकू येऊनही काय करायचं ते कळलं नाही. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला गावाच्या दिशेने वळवलं. एस.टी. आली, मी चढले.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी त्या घरी गेले नाही, बोलावणंही आलं नाही. भाचीचं लग्न यंदा हिंगणघाटकडच्या घरात झालं. नवऱ्या मुलाला तिने आधी सगळं सांगितलं. त्याने स्वतःचं रक्त तपासून घेतलं, ते चांगलं निघालं, मग तारीख धरली. मला हे तिनेच फोनवर सांगितलं. हळदीला आत्याच्या जागी कोण बसलं ते मी विचारलं नाही. माझा मुलगा माझ्याशी बोलतो, पण लग्नाचा विषय काढला की जेवण अर्धं टाकून उठतो.

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला.

"आत्या, बाबा गिळत नाईत. घास तोंडातच ठेवतात. पाणी पाजलं का खोकला येते."

"आडवं ठेवून भरवते का तुही आई?"

"हो. बसतच नाईत ते."

"मागून दोन उशा लावून बसवायचं. हनुवटी खाली ठेवायची. पाणी नुसतं नाई द्यायचं, पेजेसारखं घट्ट करून द्यायचं. लहान चमच्यानं. एक गिळला का मगच दुसरा. जेवण झाल्यावर अर्धा तास बसलेलंच ठेवायचं."

"लिहून घेतलं," ती म्हणाली. "आईले सांगतो."

"माझं नाव घेऊ नको. नाई त ती करणार नाई."

"नाई घेत," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं म्हणतो."