क्योटोच्या देवळावरचं कौल

आमचे हे रास अल खैमातल्या टाइल्सच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला. फरशी दिसली की टकटक वाजवून बघायची, ही यांची खोड. शारजात कुणाकडे जेवायला गेलो तरी हे भिंतीला कान लावून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुलाला घेऊन आम्ही क्योटोला निघालो, तेव्हा माझी आईही यायची होती. व्हिसा झालेला, तिकीट झालेलं, आणि पंधरा दिवस आधी सांगलीला अंगणात घसरून तिने पाय मोडून घेतला. माझ्या वाटणीचं तुम्ही बघून या, म्हणाली. ते कसं बघतात, कोण जाणे!

शहर मात्र असलं देखणं की वाईट वाटून घ्यायलाही सवड मिळेना. आमचे डोळे धुळीला सरावलेले, आणि इथे दगडादगडावर हिरवंगार शेवाळ, तेसुद्धा कुणीतरी झाडून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी एका देवळाच्या दाराशी करड्या कौलांची चळत दिसली. देणगी द्यायची, कौलाच्या आतल्या बाजूला शाईने नाव लिहायचं, की ते नव्या छपरावर चढणार. मी हरखूनच गेले. कुंचल्याने आईचं नाव लिहिलं, मराठीत, शेवटची वेलांटी अगदी झोकात.

तेवढ्यात हे आले. कौल उचललं, वाजवलं, पुन्हा वाजवलं.

"रिजेक्ट. आत तडा आहे."

"आईचं नाव आहे त्यावर," मी कडाडले. "यल्ला मॉम, इट्स ओन्ली अ टाइल," इति आखातात वाढलेले चिरंजीव.

टेबलामागच्या म्हाताऱ्या गृहस्थांना आमचं भांडण कळलं नाही, टकटक बरोबर कळली. त्यांनीही कौल वाजवलं आणि कमरेत वाकून माफी मागितली. मग दोघे एकेक कौल वाजवत बसले, शाळासोबती भेटल्यासारखे. सहावं खणखणीत निघालं. दोघे हसले, माझाही राग पळाला, आणि मी नाव पुन्हा लिहिलं.

दोन वर्षांनी काठी टेकत आई खरंच आली. छप्पर पुरं झालं होतं. तिने मान वर केली आणि विचारलं, "माझं कुठलं गं?"

नावं सगळी आतल्या बाजूला, वरून हजारो कौलं एकसारखी. पण जन्मात एकही फरशी न वाजवता पास न केलेला माझा नवरा बेधडक बोट दाखवून म्हणाला, "आई, ते बघा. तिसऱ्या ओळीतलं सातवं."

आईने मोजून ते शोधलं आणि खालूनच हात जोडले.