जीप आहे, असं मावशी म्हणाली

नवी गाडी घेतली की माणसाकडे फोटो जमतात. जुनी जीप घेतली की किस्से! मी अठ्ठ्याण्णव साली घेतली. गाडी चालली कमी, किस्से अजून चालताहेत.

सुरुवात मावशीने केली. माझ्यासाठी जूचंद्रची नयना बघायला गेलो, आणि बोलता बोलता मावशीने तिच्या वडिलांना सांगून टाकलं, "मुलाची स्वतःची जीप आहे हो!"

मी तेव्हा आचोळ्याहून शाळेत शिकवायला सायकलने जायचो. जीपचा नुसता सौदा झाला होता. ती वसईच्या एका वाडीत विटांवर उभी होती, चाकं नव्हती. वडील म्हणाले, "मग गाडी घेऊनच या एकदा. बघू, मग ठरवू." नयना मला फार म्हणजे फारच आवडली होती. आता जीप चालणं भाग होतं!

* * *

जीप पास्कल अंकलची. आणायला गेलो तर त्यांची म्हातारी आई आडवी आली. ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती!

"ती उठली की ने," म्हातारी म्हणाली. पुढे दर रविवारी मी आणि माझा मित्र संजू कोंबडीची खुशाली विचारायला वसईला जायचो. अंकल चहा पाजायचे आणि आम्ही परत यायचो.

शेवटी पिल्लं निघाली. कागद हातात आले, चाकं बसवली, टेम्पोला दोर बांधला, तेवढ्यात म्हातारीने वाकून सीटखाली पुन्हा बघितलं.

"काही राहिलं का, आजी?"

"गाडी विकलीय. पिल्लं नाय!"

* * *

नालासोपाऱ्याचे दोन मेकॅनिक जीप बघून हसले. मग संजूने इनासला गाठलं. इनास किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. तीन आठवडे खपला, आणि इंजिन असं सुरू झालं की मी त्याला मिठीच मारली.

ट्रायलला वाडीतल्या रस्त्यावर निघालो. समोर वळण आलं, मी ब्रेक दाबला. पेडल तळाला टेकलं, गाडी चालूच! केळीची चार झाडं आडवी करून आम्ही चिखलात थांबलो.

"इनास, ब्रेक?"

"तू इंजिन चालू कर बोलला. थांबायचं कुठं बोलला?"

* * *

वायरिंग संजूने केलं. स्वतःहून. उजवा इंडिकेटर लावला की वायपर फिरायचा आणि वायपर लावला की हॉर्न वाजायचा. मी भडकलो, तर हा शांतपणे म्हणाला, "अरे, पावसात लोक आपोआप बाजूला होतील!"

आईला पहिली चक्कर मारायला बोलावलं. ती हळदकुंकू, नारळ घेऊन खाली आली, जीपभोवती एक फेरी मारली आणि थबकली.

"दारं कुठायत?"

"जीपला नसतात गं."

"मग कुलूप कशाला लावायचं?"

* * *

अखेर एका रविवारी मावशीला शेजारी बसवून जूचंद्रला गेलो. तिने दोन्ही हातांनी सीट धरली होती. नयनाच्या दारात जीप खाडकन थांबली आणि बंद पडली. पुन्हा काही सुरू होईना.

वडील पायरी उतरले. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि जीपखाली शिरले. मावशी माझ्याकडे बघते, मी मावशीकडे. पोहे आले, पोहे गार झाले. खालून फक्त आवाज यायचा, "तेरा नंबरचा पाना द्या!" नाहीतर, "हा क्लच कोनी बसवला?" शेवटी मीही नव्या शर्टासकट त्यांच्या शेजारी आडवा झालो.

दोन तास झाले. आता मावशीला राहवेना. ती वाकून जीपखाली बघत म्हणाली, "अहो, मग मुलांचं काय ठरवायचं?"

"पोरगा मला पसंत हाय. नयनाला विचारा." खाली काहीतरी ठणकन पडलं. "आनि गाडी आठ दिवस इथंच राहू द्या. सगळी खोलून बघतो!"

नयना चहा घेऊन दारातच उभी होती. त्या दिवसापर्यंत ती माझ्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. तिने ट्रे खाली ठेवला, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी तयार आहे. पण गाडी आजच्या आज ढकलत न्या. आमचा रेडिओ खोलून चार वर्षं झाली!"