कोळशाची रेघ

कासूकडची ती तक्रार अजूनही मनात सलते. तेव्हा मी पेणला पीएसआय होतो. बायकापोरं गावी, मी क्वार्टरमध्ये एकटा.

कासूजवळच्या पोल्ट्रीत फलित अंडी नऊ-दहा दिवस उबवून रोह्याच्या एका लस कंपनीला जायची. त्यांत कोंबड्यांच्या मानमोडीची लस वाढवत. अंडं दिव्यावर धरून जिवंत आहे ना ते बघायचं आणि वर पेन्सिलीची खूण करायची, हे तिथल्या बायकांचं काम. बाहेरचा रोग शिरू नये म्हणून कामगारांना घरी कोंबड्या पाळायला सक्त मनाई.

एके सकाळी मॅनेजर तणतणत ठाण्यात आला. एका ट्रेमध्ये सहा गावठी अंडी निघाली होती, अख्खी खेप अडली होती. "काढून टाकलेल्या ड्रायव्हरचंच काम, साहेब. एफआयआर घ्या!" मी ड्रायव्हरला दिवसभर फैलावर घेतलं. बिचारा रडकुंडीला आला.

माझे एक हवालदार खाडीकाठचे. त्यांनी एक अंडं उचललं, खुणेवर अंगठा घासला आणि हसले. "साहेब, ही पेन्सिल नाय, कोळसा हाय. खुडूक कोंबडी उबवायला बसवताना आमच्या बाया अंड्यांवर अशी रेघ मारतात. दुसऱ्या कोंबडीनं मागाहून घातलेलं अंडं वेगळं कळतं."

ड्रायव्हरला सोडलं. दुसऱ्याच दिवशी खबर आली: पोल्ट्रीतली एक बाई रोज शेजारणीच्या पडवीत जाऊन बसते, तिथल्या खुडुकीखाली पांढरीफेक अंडी आहेत.

बाई पन्नाशीची, दिव्यावर बसणारी. आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय, मीच बदलली. नोकरीपायी माझ्या सगल्या कोंबड्या इकल्या, साहेब. अंगण मुकं झालं. दिव्यात रोज बघते, आत जीव कसा हलतो. इतक्या वर्षांत एक पिल्लू भायेर आलेलं बघितलं नाय." ट्रे रिकामा दिसू नये म्हणून तिनं खुडुकीखालचीच अंडी त्यात ठेवली होती. घाईत रेघ पुसायची राहिली.

मग हात जोडून म्हणाली, "आठ दिसांत फुटतील. तेवढं थांबा."

कंपनीला ती अंडी आता कवडीच्या कामाची नव्हती. तरी मी पंच बोलावले, पंचनामा केला, अंडी जप्त केली. खुडूक माझ्या हातावर तुटून पडली.

पुढे मॅनेजरनं तक्रार मागे घेतली. तिच्यासारखी नजर दुसरीला नव्हती. नोकरी वाचल्याचं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "आनि माझी अंडी?"

मुद्देमालाच्या कपाटात ती केव्हाच गार पडली होती.

आठवडाभर पंचनामा लांबवायला पोलिसाला काय लागतं हो? साहेब दौऱ्यावर, पंच मिळेनात, जीप बंद. बड्यांसाठी या सबबी मी बेलाशक वापरल्या. त्या माउलीसमोर मात्र मला कायदा आठवला! कुणापुढे आपण कडक होतो, ते त्या केसनं मला दाखवलं.

आता पेन्शनीत बसून वाटतं, नोकरीतलं काही म्हणजे काही परत नको. तो एक आठवडा तेवढा हवा होता.