अट क्रमांक अडतीस

उड्डाणपूल संपता संपता माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वन्संनी मागेही पाहिलं नाही.

"फरपटत चल. वकीलबाई चारला ऑफिसातून उठतात."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. तीस वर्षं घरोघरी जाऊन बायकांचे केस कापतेय. सध्या सगळ्याच अ‍ॅपवर तिचा राग, म्हणून टॅक्सी बोलवायची नाही. रागाचं मूळ मीच, त्यामुळे मला कुरकुरायचीही सोय नव्हती.

चार वर्षांपूर्वी ती एका कंपनीच्या अ‍ॅपवरून कामं घ्यायला लागली. नाव मी नोंदवून दिलं.

"अटी काय आहेत गं?"

"नेहमीच्याच," असं म्हणून मी 'मान्य आहे'वर बोट टेकवलं. पोथीतली एक ओवी सुटली तरी अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचणारी मी! शाळेत जन्मभर 'प्रश्न नीट वाचा' म्हणून पोरांचे कान पिळले, आणि ती एकेचाळीस पानं चुटकीसरशी खाली सरकवली.

गेल्या महिन्यात वन्संचं खातं अचानक बंद झालं. का, ते सांगितलं नाही. फोन केला की यंत्र बोलायचं. जुनी गिऱ्हाइकंही एव्हाना अ‍ॅपवर गेलेली, सगळ्यांचे नंबर त्यातच, त्यामुळे कात्री पिशवीत पडून.

वकीलबाईंनी समजावलं होतं. सरकारनं असं केलं असतं, तर थेट संविधानाच्या आधारे जाब विचारता आला असता. बाजू न ऐकता सरकारला कुणाची रोजी हिरावता येत नाही. कंपनी खासगी, तिथे ते इतकं सरळ नाही. पण आता अशा कंपन्यांनाही नियम लागू झालेत: कारण द्या, ऐकून घ्या. त्यावर कंपनीचं उत्तर, हा हक्क वन्संनी अट क्रमांक अडतीस मान्य करून आपणहून सोडलाय. आता बोट कुणाचं होतं आणि त्या बोटानं काय वाचलं होतं, हे मी प्रतिज्ञापत्रावर सांगायचं होतं.

"वन्सं, देवाला स्मरून सांगायचं, की मी काहीच वाचलं नाही?"

"खरंच आहे ना?"

"न्यायाधीश माझाच विद्यार्थी निघाला तर?"

"तर त्याला कळेल, तू वह्या कशा तपासायचीस ते."

पुढचा अर्धा कोस मी अनवाणीच चालले. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात अब्रू.

ऑफिसात प्रतिज्ञापत्र टाइप होऊन तयार होतं. चार पानं. वकीलबाईंनी पेन पुढे केलं. मी झटकन शेवटचं पान उलटलं आणि सहीची जागा शोधू लागले.

वन्संचा हात कागदावर आला. कात्रीनं घट्टे पडलेली बोटं नेमकी सहीच्या जागेवर टेकली.

"मास्तरीणबाई, माझं काम परत मिळायचं ते याच्यावरच. चष्मा लाव. पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच, मला ऐकू दे."