बायांसाठी नारळ

मी नास्तिक आहे, हे आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात प्रत्येक चहाच्या टपरीवर मी न विचारता ऐकवलेलं आहे. पण धानाच्या रोवणीच्या पहिल्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नारळ फुटल्याशिवाय आमच्याकडे रोपं लावणाऱ्या बाया चिखलात पाय टाकत नाहीत. म्हणून दरवर्षी मीच फोडायचो. देवासाठी नव्हे, बायांसाठी, असं बायकोला दोनदा बजावून. माझा विवेक असा शाबूत होता.

यंदा रोवणीला यंत्र आणलं. मी पिशवीतून नारळ काढला, तसं यंत्रवाल्यानं विचारलं, "काऊन जी? तुमी तं देव मानत नाही ना?"

"बाया अडून बसतात," मी खेकसलो.

त्यानं बांधीकडे, त्या रिकाम्या खाचराकडे पाहिलं. तोवर माझे हात जोडून झाले होते.