वाढवू का?

आमच्या दोन घरांत भिंत एकच. सिडकोतली घरं अशीच, एकमेकांच्या कुशीला कुशी लावून बांधलेली. नसीम आपांच्या घरात चमचा पडला तरी आमच्याकडं कळायचं. सकाळी मी बैठकीत देवापुढं बसलेली असायची, आणि भिंतीपलीकडून आधी बारीकसं ‘टिक’ व्हायचं. मग आपांचा आवाज. स्वच्छ, गोड, रेडिओवरच्या बाईसारखा.

“बोला.”

मग काहीच नाही. मग “हं... हं...” मग दबकं हसू, लहान पोरी वर्गात हसतात तसं. आणि थोड्या वेळानं पुन्हा तोच गोड आवाज, “तीन मिनिटं झाली. वाढवू का?”

त्या तेव्हा नुकत्याच राहायला आल्या होत्या. मला आपलं वाटलं, बाई फोनवर बोलतात. एकटा जीव आहे, रोज कोणीतरी चौकशी करतं, चांगलं आहे. एकदा कोथिंबीर मागायला म्हणून गेले, आणि बोलता बोलता त्यांचा नंबर मागितला. आपा म्हणाल्या, “फोन कहाँ है वहिनी? केव्हाचा बंद पडलाय. आदिल आला की दुरुस्त करून आणील.” आदिल म्हणजे त्यांचा भाचा, हैदराबादला नोकरीला. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले. त्याच सकाळी मी त्यांना बोलताना ऐकलं होतं. हसताना ऐकलं होतं.

आमच्या ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “म्हातारी माणसं हवेशी बोलतात. तू नाही का भांड्यांशी बोलत?”

पण भांडी हसवत नाहीत हो कोणाला.

मग मी मुद्दाम सकाळची जायला लागले. आपांच्या बैठकीत फोन ठेवायचं जुनं लाकडी स्टँड होतं, वर क्रोशाचा रुमाल. त्या रुमालावर फोन नव्हता, एक काळं यंत्र होतं. शिंपल्यासारखं मिटणारं, आत दोन खण. ऑम्लेट करायचं मशीन. आपा एकदा गॅस चालू ठेवून झोपल्या, तेव्हा आदिलनं घाबरून आणून दिलं होतं. वायर लावली की लाल दिवा, तापलं की टिक होऊन हिरवा दिवा. आपा एका खणात अंडं ओतायच्या, कांदा-मिरची घालून. आणि दुसऱ्यात बेसन, टोमॅटो बारीक चिरून, आपण टोमॅटो ऑम्लेट करतो तसं.

मी म्हटलं, “आपा, बेसनाचं माझ्यासाठी का? मी तर येणार म्हणून सांगितलंही नव्हतं.” आमच्या घरी माळ आहे, अंडं चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“तुमचं नाही. कुसुमचं.”

मी इकडंतिकडं पाहिलं. मला वाटलं, कामाची बाई असेल. “कुठं आहेत कुसुमताई?”

“लाईनीवर,” आपा म्हणाल्या, आणि चमच्यानं बेसन सारखं केलं.

एवढ्यात टिक झालं. हिरवा दिवा लागला. आपा ताठ बसल्या, डोक्यावरचा पदर कानामागं घेतला आणि म्हणाल्या, “बोला.” माझ्याकडं बघून नाही, त्या दिव्याकडं बघून. मी तिथून उठले नाही.

आता त्यांच्या बोलण्याचं सांगते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा आपा लहान होत्या, उर्दू शाळेत. वडील निजामाच्या कचेरीत होते. ते म्हणाले, “बेटा, अब मराठी सीख.” पण शिकवणार कोण? ती त्यांना शिकवली कानाला लावायच्या हेडफोननं. टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या, जन्मभर पलीकडच्या माणसांची मराठी ऐकली, आणि ऑपरेटरनं काय बोलायचं ते पाठ केलं, अगदी तीन मिनिटं झाली की कॉल वाढवायचा का ते विचारण्यापर्यंत. त्यामुळं त्यांची मराठी सगळी फोनची. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, “कृपया थांबा, मी बघते.” कोणी त्यांच्या दुखण्याची चौकशी केली तर, “लाईन खराब आहे, पण आवाज येतोय.” आणि मला दारात बघितलं की, “आलात? घ्या, जोडून देते,” आणि खुर्ची पुढं सरकवायच्या. चिडल्या की मात्र दखनीच. “कायकू सताते रे!” असं गल्लीतल्या पोरांना ओरडायच्या, आणि पोरं त्यांना “बोला आजी” म्हणून पळायची.

त्यांचं एक वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं. मी एकदा म्हटलं, “आपा, एकटीसाठी दोन खण कशाला भरायचे? एकच भरावा.” त्या म्हणाल्या, “नक्को वहिनी. खाली खाना तपाना नहीं. रिकामा खण तापला की धूर होतो. घराचं पण तसंच, माणसाचं पण तसंच.”

एका सकाळी सगळ्या गल्लीची लाईट गेली होती. आमचा पंखा बंद, समोरच्यांची पिठाची गिरणी बंद. मी देवापुढं बसले होते आणि भिंतीपलीकडं टिक झालं. मग “बोला.” मी वाट पाहिली नाही, तशीच गेले. आपांनी दार उघडलं तर हातात ताटली, ताटलीतून वाफ.

“आपा, लाईट नाही ना!”

“लाईट गेलीय?” त्यांनी वर बल्बकडं पाहिलं. “मला कळलंच नाही. आमची लाईन चालू होती.”

हे म्हणाले, तुझ्या लाईटचं आणि त्यांच्या लाईटचं कनेक्शन वेगळं असेल. असेल. गिरणीचंही वेगळं असेल. मी वाद घातला नाही.

पुढं ईद आली. आपांनी आम्हाला शीरखुर्मा खायला बोलावलं. वाटी संपली तशा त्या पातेलं घेऊन आल्या आणि अगदी अदबीनं म्हणाल्या, “वाढवू का?”

हे फस्सकन हसले. मी म्हटलं, “आपा, पानात घालताना ‘वाढू का’ म्हणायचं. वाढवतात तो नारळ. आमच्यात नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. मोडलं, फुटलं असं शुभ-अशुभाच्या जागी तोंडातून काढायचं नाही.”

“तुमच्या भाषेत तुटलेलं पण वाढतं?” आपा म्हणाल्या. “अच्छी जबान है.” आणि पातेलं हातात तसंच धरून थांबल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे कुसुम बरोबर बोलली होती.”

तेव्हा मला कुसुम कळली. कुसुम फुलंब्रीची. ट्रंकच्या बोर्डावर आपांच्या शेजारची खुर्ची तिची. तीही माळकरी. दोघींचा डबा एक, पण मधे झाकणाची आडवी भिंत, इकडं अंडं आणि तिकडं बेसनाचं धिरडं. समोर बोर्डावर दिवे. दिवा लागला की पलीकडं कोणीतरी आहे, आणि आपण ‘बोला’ म्हटल्याशिवाय ते बिचारं बोलू शकत नाही, असं कुसुम म्हणायची. ती ह्या दिव्यांना ‘जीव’ म्हणायची. “नसीम, तुझा जीव लागलाय बघ, उचल.”

मग कुसुम आजारी पडली. तिला मुंबईच्या दवाखान्यात नेलं. एक दिवस बोर्डावर दिवा लागला, आपांनी उचलला, तर कुसुमच. दोघी हसल्या, रडल्या, ऑफिसातल्या सगळ्यांची उणीदुणी काढली. आणि बोलता बोलता आपांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “तीन मिनिटं झाली. वाढवू का?”

कुसुम पलीकडून म्हणाली, “वाढ की गं. लई भूक लागलीय.”

आणि लाईन गेली. आपांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. लागली ती दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा दुसरंच कोणी बोललं, कुसुम रात्रीच गेली म्हणून.

“मला वाटायचं तिनं चेष्टा केली,” आपा म्हणाल्या. “पण भुकेली होती ना ती. मी विचारलं, ती हो म्हणाली, आणि मी वाढलंच नाही. लाईन अजून तिथंच आहे, वहिनी. तिनं फोन ठेवलेला नाही.”

आमचे हे त्या दिवशी शीरखुर्म्याची दुसरी वाटी अर्धी टाकून उठले. हे अन्न टाकत नाहीत.

त्यानंतर थंडीत आदिल आला. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी त्याला कळवलं होतं. पोरगा वाईट नव्हता, डोळ्यात काळजी होती. मला अंगणात गाठून म्हणाला, “काकू, तुम्ही खरं सांगा. खाला मशीनशी बोलते ना? मी तिला हैदराबादला घेऊन जातो, डॉक्टरला दाखवतो. हे घर विकून टाकू. उद्या सकाळी तुम्ही या, तुमच्यासमोर बघू. तुम्ही हो म्हणालात तर मग मी तिचं ऐकणार नाही.”

आपांनी ते खिडकीतून ऐकलं होतं. संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. मी कान लावला. “वहिनी,” आवाज आला, “मला इथून हलवू देऊ नका. हैदराबादचा नंबर कुसुमकडं नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या स्टँडभोवती बसलो. आपांनी अंडं ओतलं, बेसन ओतलं, झाकण लावलं. टिक झालं, हिरवा लागला. आपांनी ओठ घट्ट मिटले. दिवा विझला, पुन्हा लागला. टिक. पुन्हा विझला, पुन्हा लागला. मी आजवर तो इतक्या घाईनं लागताना पाहिला नव्हता. जुन्या काळी कोणी दाराची कडी वाजवायचं ना, उघडा, उघडा, तसं. आपांचा हात पदराकडं गेला, पण त्या बोलल्या नाहीत.

आदिल म्हणाला, “बघा, तापमानाप्रमाणं लागतो आणि विझतो. बस, एवढंच आहे.” त्यानं झाकण उघडलं.

अंड्याच्या बाजूला ऑम्लेट फुगून लालसर झालेलं. आणि बेसनाच्या बाजूला बेसन जसं ओतलं तसं. कच्चं. आदिलनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. भाजलं म्हणून नाही. “थंड आहे,” तो म्हणाला. “कॉइल गेली असेल.”

“रुसलीय,” आपा म्हणाल्या. “मी उचलला नाही ना.” त्यांनी झाकण लावलं, पदर कानामागं घेतला आणि भाच्याच्या डोळ्यांदेखत म्हणाल्या, “बोला.”

थोड्या वेळात टोमॅटोचा वास खोलीभर झाला. आदिलनं ते बेसनाचं ऑम्लेट पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळला. “काकू, आता सांगा. ही मशीनशी बोलते का नाही?”

मला चौथीच्या पुढं शाळा नाही. पण त्या वेळी देवानं सुचवलं. म्हटलं, “बाळा, फोनशी कोणी बोलतं का? फोनमधून बोलतात. तुझी खाला मशीनशी एक शब्द बोलत नाही. माझ्या माळेची शपथ.”

तो एकटाच हैदराबादला गेला. जाताना मशीनची वायर तेवढी तपासून गेला.

आपा त्यानंतर दोन हिवाळे राहिल्या. त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यातली सकाळ. मी देवापुढं बसले होते. भिंतीपलीकडं टिक झालं. मी नकळत वाट पाहिली. पुन्हा टिक. पुन्हा टिक. “बोला” आलं नाही. माझ्याकडं त्यांची किल्ली असायची. ती घेऊन गेले आणि दार उघडलं.

आपा स्टँडजवळच्या खुर्चीत होत्या. पदर कानामागं, उजवा हात कानाशी, जशी हेडफोन धरून बसलेली बाई. चेहऱ्यावर ते दबकं हसू. समोर हिरवा दिवा. इतका वेळ तापून आत कोळसा व्हायला हवा होता. मी वायर काढली, झाकण उघडलं. दोन्ही खण रिकामे, स्वच्छ. आणि टेबलावर दोन्ही ताटल्या, खाऊन रिकाम्या केलेल्या.

दफन झाल्यावर आदिल ते मशीन क्रोशाच्या रुमालात गुंडाळून घेऊन आला. “काकू, मला घरात ठेवायची हिंमत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही बेसनाचं करत जा.”

बरेच दिवस ते तसंच पडून होतं. मग एका सकाळी मी ते बैठकीत मांडलं, त्याच भिंतीला लागून. एका खणात बेसन ओतलं, दुसरा रिकामा ठेवला. लाल दिवा लागला. हिरवा लागेचना. रिकाम्या खणातून धूर मात्र यायला लागला, बारीक, वळत वळत भिंतीकडं जाणारा. मी वायर ओढून काढली आणि पायात चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

“अंडं? काकू, तुम्हाला?” दुकानदाराला हसू आवरेना. “पाहुणे आलेत का?”

“हौ,” मी म्हटलं. उभ्या जन्मात मी ‘हौ’ म्हटलं नव्हतं, ते आपांचं.

घरी आले तर हे दारात. माझ्या हातात अंडं बघून म्हणाले, “गळ्यात माळ, आणि अंडं फोडणार?”

“फोडायचं नाही,” मी म्हटलं. “वाढवायचं आहे.”

आत जाऊन ह्यांनी स्वयंपाकघराचं दार तेवढं ओढून घेतलं.

मी वाटीच्या कडेवर अंडं वाढवलं. हाताला गार, बुळबुळीत लागलं, वाटलं होतं तसं काही झालं नाही. इकडं बेसन, तिकडं अंडं. झाकण लावलं. भिंतीपलीकडच्या घराला कुलूप आहे, त्याची किल्ली आदिलकडं आहे, तिथं आता एक खुर्चीसुद्धा नाही. टिक झालं. हिरवा दिवा लागला. पलीकडचं माणूस आपण म्हटल्याशिवाय बोलू शकत नाही. मी पदर कानामागं घेतला.

“बोला,” म्हटलं.

काय बोलणं झालं ते ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. दोघीजणी होत्या, आणि खूप हसत होत्या, एवढंच सांगते. मग भिंतीतून तो गोड आवाज आला, “तीन मिनिटं झाली. वाढवू का?”

ह्या वेळी मी आपांची मराठी सुधारली नाही. ताटली पुढं केली.